उन्हाची हुंडी

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना राजरस्ता धुळें शहर ओलांडून उत्तरेस निघाला, म्हणजे सुमारें वीस किलोमीटरांवर सोनगीर हें गांव लागतें. गांवाजवळ एक अरुंद, लांबट टेकडी असून तिच्या माथ्यावर पडका किल्ला आहे. फारुकी सुलतान, मोंगल, निजाम, पेशवे आणि १८१८ सालीं इंग्रज असे त्याचे धनी एकामागून एक बदलले. तथापि ज्या श्रोत्यांनीं या रस्त्यानें प्रवास केला असेल, त्यांच्या स्मरणांत सोनगीर राहिलें असेल तें किल्ल्यामुळें नव्हे, तर तांब्यापितळेच्या भांड्यांमुळें. हंडे, घागरी, तपेलीं, बंब अशीं भांडीं येथील कारागिरांच्या हातोडीखालून निघून खानदेशांत घरोघर गेलीं.

मुलीच्या लग्नांत दिलेला हंडा संसाराच्या उपयोगाचा तर असेच, शिवाय अडचणीच्या दिवसासाठीं राखून ठेवलेलें तें धनहि असे. नवें भांडें घेतांना घडणावळ द्यावी लागे. मोडींत घालतांना ती घडणावळ बुडे, पण धातूची किंमत वजनानें हातीं येई. हंड्याला पोंचा पडला, कल्हई उडाली, कांठ फाटला, तरी तांब्याचें तांबेंपण जात नाहीं, हा त्या सर्व व्यवहाराचा पाया होता.

नाण्याचेंहि तेंच. शिवछत्रपतींनीं पाडलेली तांब्याची शिवराई पेशवाई बुडाल्यावरहि कित्येक वर्षें महाराष्ट्राच्या बाजारांत फिरत राहिली. राज्य गेलें तरी नाणें चाललें, कारण छाप पुसट झाली तरी धातु हातांत उरत असे. रुपयाची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची होती. खानदेश हा वाटेवरचा प्रांत. बऱ्हाणपूर, उज्जैन, चांदवड अशा निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये आजूबाजूच्या मुलखांत फिरत, आणि त्यांचें वजन व कस एकसारखा नसे. सराफ नाणें हातांत तोली, वाजवून पाही, उजेडाकडे धरी आणि मग त्यावर बट्टा आकारी. बट्टा म्हणजे त्या नाण्यावरील अविश्वासाची किंमतच होय. १८३५ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या सर्व मुलखासाठीं ठरविला, तेव्हांपासून हा बट्ट्याचा व्यापार हळूहळू मावळत गेला.

ही जुनी हकीकत येथें सांगण्याचें कारण असें कीं, एकविसाव्या शतकांत अगदीं नव्या तऱ्हेचें एक नाणें पाडण्याचा प्रयत्न झाला. तें धातूचें नव्हतें. कोणत्याहि राजाच्या शिक्क्याचेंहि नव्हतें. सूर्याच्या उन्हापासून जो कोणी वीज उत्पन्न करील, त्याला त्या विजेच्या प्रमाणांत तें मिळावयाचें होतें. ज्या खानदेशांत वैशाखाचें ऊन दुपारच्या वेळीं माणसाला घराबाहेर पडूं देत नाहीं, त्या प्रांताला ही कल्पना ऐकतांच गोड वाटावी यांत नवल नाहीं. उन्हाचींच नाणीं होऊं लागलीं, तर सोनगीरकर हां हां म्हणतां कुबेर व्हावयाचे! तसें झालें नाहीं. वीज उत्पन्न करतां आली नाहीं म्हणून नव्हे. ती तर भरपूर उत्पन्न झाली. अडचण दुसऱ्याच ठिकाणीं होती, आणि जुन्या सराफानें ती नाणें हातीं घेण्यापूर्वींच ओळखली असती.

उन्हाला कामास लावण्याची खटपट या देशाला नवीन नाहीं. १८७८ च्या सुमारास मुंबईंत विल्यम ॲडम्स नांवाचा एक इंग्रज अधिकारी डेप्युटी रजिस्ट्रारच्या हुद्द्यावर होता. त्या काळीं येथील गिरण्यांना व आगबोटींना लागणारा दगडी कोळसा दूरवरून येई व महाग पडे. फ्रान्समध्यें ऑग्युस्तँ मूशो या गणिताच्या शिक्षकानें शंकूच्या आकाराच्या आरशानें ऊन एकत्र करून वाफेचें यंत्र चालविलें होतें, आणि १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याच उन्हानें बर्फ करून दाखवून लोकांना चकित केलें होतें. ॲडम्सनें मूशोची कल्पना घेतली, पण तिचा अवजड शंकु टाकून दिला. साधे सपाट आरसे घ्यावे, ते अर्धवर्तुळाकार रचावे, आणि प्रत्येकाचा कवडसा मध्यें ठेवलेल्या एकाच बाष्पपात्रावर पाडावा, ही त्याची युक्ति. सूर्य सरकेल तशी आरशांची चौकट एका मजुरानें अर्ध्या अर्ध्या तासानें सरकवली कीं झालें.

कुलाब्यांतील आपल्या बंगल्याच्या आवारांत त्यानें १७ इंच लांब व १० इंच रुंद असे ७२ आरसे मांडले. कवडसे जेथें एकवटत तेथें लाकडाचा तुकडा धरतांच तो पेट घेई. बाष्पपात्राला त्यानें अडीच अश्वशक्तीचें वाफेचें यंत्र जोडलें, आणि तें यंत्र पंधरा दिवस, दिवसाउजेडीं, केवळ उन्हावर चाललें. आपले प्रयोग त्यानें मुंबईंतच पुस्तकरूपानें छापले. उष्ण देशांत सर्पणाऐवजीं सूर्याची उष्णता वापरावी, असा त्या पुस्तकाचा विषय होता. पुढें शंभर वर्षांनीं ज्या मोठ्या सौर वीजकेंद्रांत मनोऱ्यावरील बाष्पपात्रावर शेंकडों आरशांचा झोत सोडूं लागले, त्यांची मूळ रचना कुलाब्याच्या अंगणांतीलच होय. यंत्र चाललें, पण कोळशाच्या राज्यांत त्याला गिऱ्हाईक मिळालें नाहीं. ऊन फुकट असलें तरी आरसे, चौकट, बाष्पपात्र व मजूर फुकट नसतात. सौर शक्तीचा सगळा जमाखर्च या एका वाक्यांत सांपडतो, व तो आजहि बदललेला नाहीं.

येथवर प्रश्न यंत्राचा होता. शक्ति हेंच नाणें करावें, ही कल्पना मात्र पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंत व इंग्लंडांत उदयास आली. मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड यानें १९२१ च्या डिसेंबरांत उघडपणें सुचविलें कीं, सोन्याच्या पायावर उभें असलेलें चलन टाकून देऊन विजेच्या पायावर चलन काढावें. टेनेसी नदीवरील मसल शोल्स येथील धरणाची वीज त्याच्या डोळ्यांसमोर होती. सोनें मूठभर सावकारांच्या हातीं राहतें व त्याच्यापायीं युद्धें होतात, असा त्याचा दावा होता. दावा ढोबळ खरा, पण हा मनुष्य स्वतः धरण मागत होता, हेंहि विसरतां येत नाहीं.

त्याच वेळीं इंग्लंडांत फ्रेडरिक सॉडी हा रसायनशास्त्रज्ञ अर्थशास्त्राकडे वळला होता. १९२१ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविलेल्या या माणसानें १९२६ सालीं संपत्ति, आभासी संपत्ति आणि कर्ज यांचें विवेचन करणारा ग्रंथ लिहिला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : खरी संपत्ति शक्तींतून उत्पन्न होते व निसर्गनियमानुसार झिजते, कुजते, संपते, कर्ज मात्र कागदावर चक्रवाढीनें वाढत जातें. झिजणाऱ्या वस्तूवर न झिजणारा हक्क किती काळ टिकणार? अर्थपंडितांनीं त्या काळीं सॉडीची थट्टा केली. अलीकडे त्याचा ग्रंथ पुन्हा वाचला जाऊं लागला आहे. मंदीच्या ऐन कडाक्यांत, १९३२-३३ सालीं, हॉवर्ड स्कॉट व त्याच्या टेक्नॉक्रसी नांवाच्या चळवळीनें तर डॉलर रद्द करून प्रत्येक नागरिकास शक्तीचीं प्रमाणपत्रें द्यावीं, असा बेत मांडला. तीं प्रमाणपत्रें दुसऱ्याला देतां यावयाचीं नव्हतीं व मुदतीनंतर बाद व्हावयाचीं होतीं. चळवळ वर्षदोन वर्षें गाजली आणि ओसरली.

या सर्वांची एक उणीव समान होती. विजेची मोजदाद करणारा तटस्थ माणूस कोठून आणावयाचा आणि हिशेबाची वही कोणाच्या पेढींत ठेवावयाची, हें कोणालाच सांगतां येईना.

दरम्यान यंत्राची बाजू झपाट्यानें सुधारली. १९५४ च्या एप्रिलांत अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेनें सिलिकनचा सौर घट जगापुढें ठेवला. अंगावर पडलेल्या उन्हापैकीं सुमारें सहा टक्क्यांचीच वीज तो करी, पण त्याला ना बाष्पपात्र लागे, ना चाक, ना मजूर. प्रथम तो उपग्रहांवर गेला आणि स्वस्त होत होत शेवटीं घरांच्या गच्चीवर उतरला. धुळें जिल्ह्याच्या वांट्याला हें भाग्य मोठ्या प्रमाणावर आलें तें २०१३ सालीं. साक्री तालुक्यांतील शिवाजीनगर येथें महानिर्मिती कंपनीनें जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जसाहाय्यानें १२५ मेगावॅटचें सौर वीजकेंद्र उभें केलें. त्या वेळीं देशांतील मोठ्या सौर केंद्रांत त्याची गणना होत असे. सोनगीरहून तें फार दूर नाहीं.

ऊन फुकट, पण जमीन फुकट नाहीं. याच जिल्ह्यांत, शिंदखेडा तालुक्यांतील विखरण येथील एका वृद्ध शेतकऱ्यानें दोंडाईचा परिसरांतील वीजप्रकल्पासाठीं घेतलेल्या आपल्या जमिनीचा मोबदला अन्यायानें कमी ठरविला गेला, या तक्रारीपायीं २०१८ च्या जानेवारींत मंत्रालयांत विष घेतलें व कांहीं दिवसांनीं त्याचा अंत झाला. मोजमाप करणारा कोण, आणि त्याच्या आंकड्यावर विश्वास कां ठेवावा, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं, हें या जिल्ह्यास निराळें सांगावयास नको.

वहीच्या प्रश्नाचें एक अजब उत्तर २००८ सालीं निघालें. त्या वर्षाच्या ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें कोणीतरी एक निबंध प्रसिद्ध केला, आणि ३ जानेवारी १९०० नव्हे, २००९ रोजीं बिटकॉइन या चलनाच्या वहीचें पहिलें पान लिहिलें गेलें. त्या पद्धतींत हिशेबाची वही एका पेढींत न ठेवतां जगभरच्या हजारों संगणकांवर एकाच वेळीं ठेवलेली असते; त्यामुळें एकट्यादुकट्याला ती खोडतां येत नाहीं. अशा चलनास क्रिप्टो किंवा कूटचलन म्हणूं लागले. वहीला नवें पान जोडण्याचा मान मिळविण्यासाठीं संगणकांना एक निरुपयोगी पण अवघड कोडें सोडवावें लागतें, व जो तें प्रथम सोडवील त्याला नवीं नाणीं मिळतात. कोडें सोडविण्यांत वीज जळते, आणि ती थोडीथोडकी नव्हे, एखाद्या लहान देशाला पुरेल इतकी जळते.

आपल्या पॅनेलांवर असे संगणक चालवून नाणीं मिळवावीं, असा बेत कित्येकांनीं केला. त्यांत फसगत अशी कीं, यंत्र रात्रंदिवस चाललें तरच त्याची किंमत वसूल होते, आणि ऊन तर दिवसांतून पांचसहा तासच भर ओततें. शिवाय नियमानुसार बक्षिसाचीं नाणीं दर चार वर्षांच्या सुमारास निम्मीं होतात. २०२४ च्या एप्रिलांत तीं सव्वासहावरून सव्वातीनाच्याहि खालीं आलीं. कोडें सोडविणारीं नवीं यंत्रें येत राहतात व जुनीं भंगारांत जातात. सोनगीरच्या हंड्याला निदान मोडीचा भाव असतो.

सोलरकॉइन या नाण्याची कल्पना याच्या नेमकी उलट, आणि म्हणून अधिक मनोवेधक होती. वीज जाळून नाणें मिळविण्याऐवजीं वीज निर्माण करून तें मिळवावें! अमेरिकेंतील निक गोगर्टी व जोसेफ झिटोली यांनीं २०११ सालीं विजेच्या आधारावरील चलनाचा एक निबंध लिहिला होता. त्यांतून स्फूर्ति घेऊन २०१४ च्या जानेवारींत सोलरकॉइन सुरू झालें. नियम सोपा : उन्हापासून एक मेगावॅट-तास, म्हणजे एक हजार युनिट वीज निर्माण केली कीं एक नाणें. जगांत कोठेंहि, कोणत्याहि गच्चीवर. उत्पादकानें आपल्या पॅनेलांचीं कागदपत्रें पाठवावीं, संस्थेनें तीं तपासावीं व नाणीं त्याच्या खात्यावर जमा करावीं. पुढील चाळीस वर्षांत पृथ्वीवर जेवढी सौर वीज निर्माण होईल तिच्या अंदाजावर नाण्यांची एकूण संख्या आधींच ठरविली होती. या नाण्याचा हिशेबहि आरंभीं कोडें सोडविणाऱ्या संगणकांवरच, म्हणजे वीज जाळूनच ठेवला जात होता. हा विसंवाद प्रवर्तकांच्याहि लक्षांत आला, व पुढें त्यांनीं कमी वीज लागणारी पद्धति स्वीकारली.

आतां सोनगीरच्या एखाद्या घराचा हिशेब मांडून पाहूं. गच्चीवर तीन किलोवॅटचीं पॅनेलें बसविलीं आहेत. खानदेशांत एका किलोवॅटला वर्षाच्या सरासरीनें दिवसाकांठीं चार युनिटें सहज मिळतात. म्हणजे दिवसास बारा आणि वर्षास ४,३८० युनिटें. सोलरकॉइनच्या नियमानें या कुटुंबाला वर्षाकांठीं चार नाणीं मिळालीं असतीं, आणि साडेतीनशेंवर युनिटें पुढील नाण्यासाठीं शिल्लक उरलीं असतीं. साक्रीसारख्या केंद्राला याच हिशेबानें वर्षाला दीड लाखाहून अधिक नाणीं झालीं असतीं. घरची वीज युनिटास पांच रुपये धरली, तरी त्या कुटुंबाची वर्षाची वीज एकवीस हजार नऊशें रुपयांची झाली. चार नाणीं त्यावर वरकड. वीज आपलीच, तिचा पैसाहि आपलाच, आणि वर नाणें बक्षीस! एखादे दिवशीं या नाण्याचा भाव वीज निर्माण करण्याच्या खर्चाहून वर चढेल आणि मग सौर वीज जवळ जवळ फुकट पडेल, ही प्रवर्तकांची आशा होती.

२०१७ च्या अखेरीस सर्वच कूटचलनांना तेजीचा ज्वर चढला, तेव्हां सोलरकॉइनचाहि भाव कांहीं आठवडे वर गेला. ताप उतरला, आणि त्याबरोबर भावहि उतरला. पुढें तर तो डॉलरच्या लहानशा अंशावर येऊन पडला. जगांतील सौर वीज याच वर्षांत कितीतरी पटींनीं वाढली, हें येथें ध्यानांत घ्यावें. ज्या वस्तूच्या आधारावर नाणें उभें आहे असें सांगितलें जात होतें, ती वस्तु वाढत होती, स्वस्त होत होती, उपयोगांत येत होती. नाण्याला मात्र कोणी विचारीत नव्हतें.

कारण शोधण्यास दूर जावयास नको. सोलरकॉइनच्या पाठीशीं वीज होती, हें म्हणणेंच सैल होतें. ज्या हजार युनिटांबद्दल नाणें मिळालें, तीं युनिटें नाणें मिळण्यापूर्वींच पंख्यांत, पंपांत, दिव्यांत खर्च होऊन गेलेलीं असत. नाणें परत करून वीज मागावी, तर देणारा कोणी नाहीं. शिवराई वितळविली तर तांबें मिळतें. सोलरकॉइन वितळविलें तर कांहींच मिळत नाहीं. तें घडून गेलेल्या सत्कृत्याचें प्रमाणपत्र होतें, पुण्याची हुंडी होती म्हणा ना. आणि हुंडीची किंमत ती लिहिणाऱ्याच्या हेतूवर कधींच ठरत नाहीं. ती सकारणारी पेढी कोणती, यावर ठरते. सोलरकॉइनची हुंडी कोणत्याच पेढीवर काढलेली नव्हती. वहीवर कोणाला खाडाखोड करतां येत नव्हती हें खरें, पण जी हुंडी कोणी सकारीत नाहीं, तिची नोंद कितीहि चोख ठेवली तरी काय उपयोग?

गंमत अशी कीं, अगदीं याच मापाची दुसरी हुंडी हिंदुस्थानांत त्यापूर्वींच निघालेली होती. केंद्रीय वीज नियामक आयोगानें २०१० सालीं अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रांचे नियम केले, व २०११ पासून वीज विनिमय केंद्रांत त्यांची खरेदीविक्री सुरू झाली. एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॅट-तास; माप तेंच. फरक एवढाच, पण तो मोठा कीं, या हुंडीमागें कायद्यानें बांधलेली पेढी होती. वीज वितरण कंपन्यांनीं व मोठ्या ग्राहकांनीं आपल्या विजेचा ठराविक भाग अक्षय स्रोतांतून घ्यावा, नाहीं तर तेवढीं प्रमाणपत्रें विकत घ्यावीं, असें बंधन होतें. सौर प्रमाणपत्राचा भाव आरंभीं बारा हजार रुपयांच्या खालीं जाऊं नये व सतरा हजारांच्या वर चढूं नये, असें आयोगानें ठरविलें.

कित्येक उद्योजकांनीं हा आंकडा पाहून भांडवल घातलें. २०१२ सालीं तळचा भाव ९,३०० रुपये झाला. २०१५ च्या आरंभीं ३,५०० झाला. २०१७ च्या एप्रिलांत १,००० झाला. पॅनेलें स्वस्त होत होतीं तेव्हां भाव उतरणें न्याय्यच होतें, पण ज्यानें महाग पॅनेलें आधीं घेतलीं होतीं, त्याच्या हातांतील कागद मात्र वर्षागणिक हलका होत गेला. शिवाय ज्या कंपन्यांवर खरेदीचें बंधन होतें, त्यांतील बऱ्याच जणांनीं तें पाळलें नाहीं व राज्यांच्या आयोगांनीं त्यांना मुदतीवर मुदत दिली. त्यामुळें न विकलेल्या प्रमाणपत्रांचे ढीग सांचले. तळचा भाव शून्यावर आणण्याच्या आयोगाच्या निर्णयावरून वाद अपील न्यायाधिकरणापुढें गेला आणि २०२० च्या जुलैपासून २०२१ च्या नोव्हेंबरापर्यंत हा बाजारच बंद राहिला. २०२२ च्या नियमांनीं तळचा भाव काढूनच टाकला. कायद्याची पेढी असली, तरी ती हुंडी केव्हां सकारील याची खात्री नसेल तर बट्टा बसतोच. चांदवडी रुपयावर बट्टा लावणाऱ्या सराफाला यांत नवें असें कांहीं दिसलें नसतें.

कूटचलनांबाबत या देशाच्या सरकारचें धोरण कसें हेलकावत गेलें, तें थोडक्यांत सांगणें पुरे. ६ एप्रिल २०१८ रोजीं रिझर्व्ह बँकेनें बँकांना अशा चलनांच्या व्यवहारांपासून दूर राहण्यास फर्माविलें. ४ मार्च २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें परिपत्रक रद्द केलें. १ एप्रिल २०२२ पासून अशा व्यवहारांतील नफ्यावर तीस टक्के आयकर लागूं झाला, व त्याच वर्षाच्या जुलैपासून विक्रीच्या रकमेंतून एक टक्का कापून घेण्याचा नियम आला. कर आहे, पण हें चलन कायदेशीर चलन नाहीं. कर्जफेडीस तें घेण्याची सक्ति कोणावर नाहीं. म्हणजे सोनगीरच्या त्या कुटुंबाला चार नाणीं मिळालीं असतीं, तरी तीं भांड्यांच्या दुकानांत चाललीं नसतीं, आणि विकलीं असतीं तर आधीं सरकारचा वांटा काढून ठेवावा लागला असता.

मग गच्चीवरच्या विजेचें मोल त्या कुटुंबाला मिळतें तरी कसें? तें मिळतें एका अगदीं साध्या, कोणीहि नाणें न म्हटलेल्या नाण्यांत. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें २०१५ सालीं नेट मीटरचे नियम केले आणि २०१९ सालीं ते नव्यानें लिहिले. घराचा मीटर दोन्ही दिशांनीं मोजतो. दुपारीं गच्चीवरची वीज घरांत पुरून उरली म्हणजे ती महावितरणच्या तारांत जाते; रात्रीं घराला लागते ती त्याच तारांतून येते. महिन्याच्या अखेरीस जास्त दिलेलीं युनिटें बिलांत जमा धरलीं जातात व पुढील महिन्याच्या वापरांतून वळतीं होतात. २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेनें तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचें अनुदान ठेवल्यापासून लहान गांवांतील मध्यम घरांनाहि हा विचार आटोक्यांतला वाटूं लागला.

बिलांतील जमा युनिट ही खरी उन्हाची हुंडी होय. ती काढलेली असते एकाच पेढीवर, आणि त्या पेढीला तीच वस्तु परत द्यावयाची असते. तिच्यावर सट्टा खेळतां येत नाहीं. ती दुसऱ्याला सहजासहजीं देतांहि येत नाहीं, मुदतीनंतर तिचा हिशेब चुकता होतो. टेक्नॉक्रसीवाल्यांनीं १९३३ सालीं जीं न फिरणारीं व मुदतीचीं प्रमाणपत्रें मागितलीं होतीं, तीं अशा रीतीनें नव्वद वर्षांनीं खानदेशांतल्या वीजबिलाच्या एका रकान्यांत येऊन बसलीं आहेत, आणि त्यासाठीं डॉलर किंवा रुपया रद्द करावा लागला नाहीं!

या हुंडीलाहि दोन गांठी आहेत, आणि ज्यांनीं संच बसविले त्यांनाच त्या प्रथम कळतात. पहिली अशी कीं, ज्या संचाला बॅटरी नाहीं, तो बाहेरची वीज गेली कीं आपोआप बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा धक्का बसूं नये म्हणून ही योजना असते, व ती योग्यच आहे. पण भर दुपारीं, डोक्यावर सूर्य तळपत असतांना, आपल्याच गच्चीवर वीजघर असून पंखा बंद, हा प्रसंग नव्या मालकाला चमत्कारिक वाटतो. स्वयंपूर्ण व्हावयाचें तर बॅटरी हवी, आणि ती घेतली म्हणजे खर्चाचा आंकडा झपाट्यानें वर चढतो.

दुसरी गांठ पंचांगाची आहे. जमा युनिटांचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस, म्हणजे ३१ मार्चला मिटविला जातो, व उरलेल्या युनिटांबद्दल ठरलेल्या दरानें पैसे जमा होतात. हा दर घरगुती विजेच्या दराहून सामान्यतः कमी असतो. खानदेशांत माघ-फाल्गुनांत आभाळ निरभ्र असतें, पॅनेलें भरघोस वीज देतात, आणि घरांत पंखाहि फारसा लागत नाहीं. त्यामुळें याच दिवसांत युनिटें सांचतात. तीं सांचून होतात न होतात तोंच मार्च संपतो. १ एप्रिलला खातें कोऱ्या पानावर येतें, आणि त्याच आठवड्यांत धुळ्याचा पारा चाळीसच्या वर जाऊं लागतो.